शुक्रवारची हजेरी

आग्नेलची आठवड्याची सुट्टी रविवारावरून उठून शुक्रवारी जाऊन बसली, ती विजेमुळे. साल एकोणऐंशी. विजेचा तुटवडा होता. कुठल्या भागातल्या कारखान्यांनी कुठल्या वारी बंद राहायचं हे वरूनच ठरून आलं आणि वालीवच्या वाट्याला शुक्रवार आला. आग्नेल तिथे व्हिन्सेंटसाहेबांच्या बिजागऱ्या-कड्यांच्या कारखान्यात प्रेसवर कामाला होता. फळ्यावर कागद लागला त्या संध्याकाळी तो भुईगावला घरी आला, सायकल भिंतीला टेकवली आणि मयतावरून आल्यासारखा पायरीवर बसून राहिला.

"शुक्रवार," तो बायकोला म्हणाला. "अख्ख्या आठवड्यात दुसरा वार मिळाला नाही त्यांना."

शुक्रवारात एवढं दुःख काय आहे, हे क्लेमेंटीनच्या स्वयंपाकघरात जेवल्याशिवाय कळायचं नाही. येशू क्रुसावर गेला तो शुक्रवारी, म्हणून त्या दिवशी तिच्या चुलीवर मटण-कोंबडी चढत नसे. मासळी चालायची, पण मासळी काय, रोजचीच. रोमने हा नियम आता सैल केलाय म्हणे, असं आग्नेलने एकदा दबकत सांगून पाहिलं होतं. "रोमचं रोमपाशी," क्लेमेंटीन हळू आवाजात म्हणाली आणि तिने त्याच्या पुढ्यात वांग्याची भाजी वाढली. तिचा आवाज चढलेला भुईगावात कुणी ऐकला नव्हता. चढवायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

शेजारी हरिश्चंद्राकडे तरी बरं असेल म्हणावं, तर तिथे दुसरीच तऱ्हा. हरिश्चंद्राची केळीची वाडी आग्नेलच्या कुंपणाला लागून. वाडी भावावर सोपवून तोही त्याच कारखान्यात लागलेला. त्याची बायको आनंदीबाई हिने सोळा शुक्रवारांचं व्रत धरलं होतं आणि त्या व्रतात शुक्रवारी घरात आंबट चालत नाही. चिंच नाही, कोकम नाही, दही नाही, लिंबू नाही. मे महिन्यात घरामागे कैऱ्या लोंबताहेत आणि हरिश्चंद्र सुट्टीच्या दिवशी गूळचणे खातोय, असा देखावा होता.

पहिल्याच रविवारी फादर हिलरींनी प्रवचनात हाच विषय घेतला. गावातले निम्मे पुरुष तेव्हा वालीवला कामाला होते आणि सगळे पहाटे साडेपाचच्या मिस्साला येऊन पुढे कामावर पळणार होते. फादरांनी सांगितलं की आपण 'हॉलिडे, हॉलिडे' करतो, पण त्या शब्दाचा अर्थ झोपा काढणं नव्हे. 'होली' म्हणजे पवित्र, 'डे' म्हणजे दिवस. जुन्या काळी माणूस काम थांबवायचा ते देवाची आठवण काढायला. पुढे लोकांनी काम थांबवायचं तेवढं लक्षात ठेवलं आणि देवाला विसरले.

क्लेमेंटीन कुठलीही गोष्ट अर्धवट ऐकत नसे. घरी येऊन तिने हिशोब मांडला. रविवार देवाचाच होता, तो कुठे गेला नाही. त्यात शुक्रवार हॉलिडे झाला, म्हणजे तोही पवित्र. त्यामुळे आग्नेलला रविवारी मिस्सा आणि काम, आणि शुक्रवारी दुपारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना आणि संध्याकाळी जपमाळ. आठवड्याला दोन पवित्र दिवस आले आणि सुट्टी एकही उरली नाही.

पण खरी अडचण आग्नेलची नव्हतीच. ती क्लेमेंटीनची होती, फक्त तिने ती कुणाला सांगितली नव्हती.

तिचे नऊ शुक्रवार चालले होते. लागोपाठ नऊ महिने, दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्साला जाऊन कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा प्रसाद, घ्यायचं, असा तो येशूच्या पवित्र हृदयाचा नेम. एक जरी चुकला तरी पुन्हा एकपासून. पहिल्यांदा धरला तेव्हा चौथ्याला सासूबाई घसरून पडल्या. दुसऱ्यांदा धरला तेव्हा सातव्याच्या आदल्या दिवशी क्लेमेंटीन तापाने फणफणली. आता ही तिसरी खेप होती आणि सहा पदरात पडले होते. यश यायचं कारण सरळ होतं. शुक्रवारी नवरा कामावर, घर शांत, साडेसहाची मिस्सा, आणि नंतर आनंदीबाईच्या ओट्यावर घटकाभर बसणं. तिचा शुक्रवार, हिचा शुक्रवार. एकीचा देव दुसरीने कधी विचारला नाही, पण आज कितवा, एवढं दोघी एकमेकींना न चुकता विचारत.

आता त्या शुक्रवारात आग्नेल येऊन बसला.

मे महिन्याचा पहिला शुक्रवार म्हणजे तिचा सातवा. एरवी पाचाला उठणारा आग्नेल त्या दिवशी सव्वासहाला उठला. सुट्टी असल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट सावकाश आणि हातात हवी होती. चहा दिला, तर तो सुट्टीचा चहा नाही, पुन्हा कर. आंघोळीचं पाणी दिलं, तर दाढीचं ब्लेड कुठाय. ब्लेड दिलं, तर म्हणे आरसा धर, खुंटीवर हलतो. क्लेमेंटीनने आरसा धरला. आरशामागे ती हेल मेरीची प्रार्थना म्हणत होती आणि चर्चची घंटा वाजत होती. ती देवळात धापा टाकत पोहोचली तेव्हा कम्युनियनची रांग संपून फादर हिलरी वेदीकडे वळले होते. पावलं वाजली म्हणून त्यांनी मागे पाहिलं, एवढ्यावर सातवा शुक्रवार निभावला.

"बाय, नवरा घरी बसला की बाईची सुट्टी गेली," आनंदीबाई ओट्यावर म्हणाली. तिच्याकडे हरिश्चंद्र सकाळपासून लिंबू शोधत होता.

पुढच्या आठवड्यात मात्र देव धावून आला. आग्नेलने गुरुवारी रात्रीच्या जेवणावर खाली मान घालून सांगितलं की साहेबांकडे काम फार साचलंय, आता शुक्रवारीही बोलावलंय. ओव्हरटाइम. हरिश्चंद्रालाही. वीज नाही, पण मशीनची सफाई विजेशिवाय होते. वॉचमन हरिभाऊ हजेरी लिहितो.

क्लेमेंटीनने नवऱ्याकडे पाहिलं. आठवड्याचे सातही दिवस काम मिळालेला माणूस इतक्या चवीने भात कालवताना तिने पहिल्यांदाच बघितला. पण तिने देवाचे आभार मानले आणि शुक्रवारी त्याला डबा दिला.

असे शुक्रवार येत राहिले. जूनमधला पहिला शुक्रवार, म्हणजे तिचा आठवा, तर सणासारखा गेला. ती अर्धा तास आधी देवळात जाऊन बसली. मात्र त्याच आठवड्यात लोणचं घालायला म्हणून तिने फडताळ उघडलं आणि ताडीच्या आंबट शिरक्याची बाटली हातात घेतली. शिरका नाताळात घातलेला, बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. आता ती चार बोटं खाली गेली होती. शेजारी वर्षभरासाठी कुटून भरलेला बाटलीचा मसाला होता, तोही खांद्यावरून कमरेवर आला होता. क्लेमेंटीनने दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि होत्या तिथे ठेवल्या. मशीनच्या सफाईला शिरका लागतो, हे तिला नव्यानेच कळत होतं.

राहिलं ते हरिभाऊ वॉचमनने सांगितलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो डोक्यावर घोंगडी घेऊन दारात उभा राहिला. हातात एक झाकणाचा टोप.

"वयनी, ह्यो टोप तुमचा. लावनीला चाललो गावाला, म्हनलं देऊन जावं. आता म्हयनाभर नवा मानूस येनार, त्यो काय चूल पेटवू देनार नाय."

"बरं केलंत," क्लेमेंटीन म्हणाली. "चहा घ्या. पुरत होता का टोप तिघांना?"

"पुरायचा की. कोंबडी म्हंजे अशी झनझनीत करतात आग्नेलभाऊ. काय म्हनतात त्येला, इंदियाल. आन् ते हरिश्चंदर तर नुसता रस्साच पितात. म्हनतात, शुक्करवारी तोंडाला आंबट लागलं."

म्हणजे शिरक्यातली कोंबडी. क्लेमेंटीनने मनातल्या मनात दाद दिली. एका टोपात दोन घरांचे शुक्रवार मोडायचे, याला डोकं लागतं. हरिभाऊला तिने चहाबरोबर चार केळी दिली, टोप राख लावून लख्ख घासला आणि उपडा ठेवला. आग्नेल आला, टोप पाहिला आणि हातपाय धुवायला गेला. तिने त्याचं ताट वाढलं. तिचा आठवा झाला होता, नववा राहिला होता. असल्या वेळी घरात भांडण काढायचं नसतं.

पण हरिभाऊ गेला त्याबरोबर ओव्हरटाइमही गेला. "काम संपलं एकदाचं," आग्नेल म्हणाला, "आता शुक्रवारी घरीच." आणि जूनच्या शेवटच्या शुक्रवारी तो घरी राहिला. एकटा नाही. हरिश्चंद्र आला, कारखान्यातला सॅन्टन आला, सॅन्टनचा मेहुणा आला. ओट्यावर पत्त्यांचा डाव पडला. क्लेमेंटीनने अकरा वेळा चहा केला. बाराव्या वेळी दूध नासलं, तर सॅन्टनचा मेहुणा म्हणाला कोरा चालेल. संध्याकाळी उठता उठता आग्नेलने सगळ्यांना बजावलं, "पुढल्या शुक्रवारी उशीर नको. सकाळी सहालाच या. भाकऱ्या, सुकट, सगळं गरम गरम. ही करते."

पुढला शुक्रवार म्हणजे सहा जुलै. नववा.

क्लेमेंटीन रात्रभर विचार करत बसली नाही. तिने जपमाळ पुरी केली आणि झोपली. शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. आपली पापं सांगून झाल्यावर तिने जाळीतून हळूच विचारलं, "फादर, दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट आपण एका अक्षराचाही फरक न करता तिसऱ्याला सांगितली, तर पाप लागतं का?"

"चहाडी आहे का ती?"

"नाही फादर. तो माणूस किती कष्ट करतो, त्याची आहे."

"मग कसलं पाप?" फादर हिलरी म्हणाले. "उलट पुण्य आहे."

सोमवारी भर पावसात छत्री घेऊन ती एसटीने स्टेशनला आणि तिथून दुसरी गाडी धरून वालीवला गेली. आग्नेल आत प्रेसवर होता, त्याच्या धडधडीत त्याला काही ऐकू आलं नाही. व्हिन्सेंटसाहेब ऑफिसात होते. ते पापडी गावचे, बोलायला गोड, नजरेने करवतीसारखे. त्यांनी खुर्ची दिली. क्लेमेंटीन पदर सारखा करून बसली.

"साहेब, एक विनंती आहे. आमचे हे म्हणतात, काम साचलंय म्हणून ते आणि हरिश्चंद्रभाऊ शुक्रवारी मशीनच्या सफाईला येतात. सात शुक्रवार झाले. आता म्हणतात, काम संपलं. परवाच्या शुक्रवारी ते घरी नुसते बसून होते. तर आणखी काही काम असलं तर बघा."

व्हिन्सेंटसाहेबांचं पेन थांबलं. शुक्रवारी त्यांनी कुणालाच बोलावलं नव्हतं. त्यांनी नव्या वॉचमनला हाक मारून फाटकावरची वही मागवली. वहीत हरिभाऊच्या वळणदार अक्षरात ओळीने सात शुक्रवार होते. आग्नेल, हरिश्चंद्र. आले नऊ, गेले चार. कारण, मशीन सफाई. सातव्या पानावर हळदीचा बोटभर डाग होता. साहेबांनी तो डाग नाकाशी नेला आणि खिडकीतून प्रेसकडे पाहिलं.

"बाई, मशिनी तर काही चकचकीत दिसत नाहीत हो."

"मला मशीनमधलं काही कळत नाही, साहेब."

"तुमचा विश्वास आहे नवऱ्यावर?"

"ते काय सांगतात ते मी तुम्हाला सांगितलं," क्लेमेंटीन म्हणाली. "एक शब्द पदरचा घातलेला नाही."

साहेबांनी वही मिटली. "येत्या शुक्रवारी तुमचा कितवा? पहिला शुक्रवार आहे म्हणून विचारतो. माझी आई नऊ करायची. आम्ही सगळे घरी असलो की तिचा हमखास चुकायचा."

"नववा," क्लेमेंटीन म्हणाली.

"जा तुम्ही घरी. बघतो मी."

मंगळवारी संध्याकाळी आग्नेल आणि हरिश्चंद्र दोघे एकदम घरी आले. चेहरे असे, की सत्कार झालाय की शिक्षा, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. साहेबांनी दुपारी मशीन थांबवून सगळ्यांना गोळा केलं होतं. वही उघडून सातही शुक्रवार मोठ्याने वाचले होते. म्हणाले होते की मालकाने न बोलावता, कुणाला न सांगता, सुट्टीच्या दिवशी येऊन यंत्रांची सेवा करणारी माणसं या दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यातली दोन आपल्याकडे आहेत. मग टाळ्या झाल्या. टाळ्या सॅन्टननेच सुरू केल्या. त्यालाही सगळं ठाऊक होतं, पण कोंबडीला एकदाही बोलावणं आलं नव्हतं. मग साहेबांनी जाहीर केलं की अशा माणसांना शुक्रवारी घरी बसवून त्यांचा जीव तळमळत ठेवणं बरं नाही. बिजागऱ्यांची मोजणी आणि पुडक्यात बांधणी विजेशिवाय होते, ती यांनी शुक्रवारी करावी. सकाळी सहा ते दोन. बदल्यात यांना रविवार सुट्टी.

"रविवार?" क्लेमेंटीन म्हणाली. "तुम्हाला रविवारच तर हवा होता."

"हवा होता," आग्नेल म्हणाला.

"मग?"

आग्नेलने हरिश्चंद्राकडे पाहिलं, हरिश्चंद्राने कुंपणाकडे. रविवार मिळाला म्हणून हसावं, तर शुक्रवारी खरंच काम करायचं होतं. शुक्रवारचं काम नको म्हणावं, तर सात शुक्रवार काय करत होता हे सांगावं लागलं असतं. "साहेबांना कुणी सांगितलं असेल?" हरिश्चंद्राने शेवटी विचारलं.

"चांगल्या कामाचा वास लपत नाही, भाऊ," क्लेमेंटीन म्हणाली आणि आत चहा टाकायला गेली.

सहा जुलैला पहाटे पाच वाजता दोघं सायकली घेऊन पावसात बाहेर पडले. सहाला येणाऱ्या पाहुण्यांना आग्नेलने स्वतःच नाही म्हणून कळवलं होतं. क्लेमेंटीन सव्वासहाला देवळात पोहोचली. छपरावर पाऊस वाजत होता, आत बारा-पंधरा माणसं होती. रांगेत ती पहिली उभी राहिली. फादर हिलरींनी तिला ओळखलं असावं, कारण "ख्रिस्ताचं शरीर" म्हणताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आमेन," ती म्हणाली, नेहमीपेक्षा थोडं मोठ्याने. परत येऊन बाकावर गुडघे टेकले तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते येऊ दिलं. तीन खेपा, अठरा शुक्रवार. तिने मागितलेलं फारसं काही नव्हतं. सुरू केलेलं एकदा तरी पुरं व्हावं, एवढंच.

मग ती आनंदीबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. "कितवा?" आनंदीबाईने विचारलं. "झाले नऊ," ती म्हणाली. आनंदीबाईचे बारा झाले होते. तिने नैवेद्याचे गूळचणे आणले आणि दोघींनी पायरीवर पाय सोडून, पाऊस बघत, दुपार होईपर्यंत काहीही केलं नाही.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर आग्नेल जेवायला बसला. इतक्या आठवड्यांनी रविवारी दुपारी घरी जेवण. क्लेमेंटीनने तोच झाकणाचा टोप त्याच्यासमोर आणून ठेवला आणि झाकण काढलं. कोंबडीचं इंदियाल, लालभडक, वर शिरक्याचा वास. आग्नेलचा हात वाटेतच थांबला.

"घ्या ना. एक वाटी हरिश्चंद्रभाऊंकडेही दिलीय, आज रविवार आहे, आंबट चालतं." तिने त्याच्या ताटात मोठा तुकडा वाढला. "तुम्ही लोक दर वेळी जेमतेम बोटभर शिरका घालत होता. इतक्या कमी शिरक्यात इंदियाल होत नाही. पाणचट लागलं असेल."

पहिल्याच घासाला आग्नेलला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "हरिभाऊ बोलला?"

"तो टोप द्यायला आला होता. बाटली आधीच बोलली होती."

"मग तू तेव्हाच का नाही भांडलीस?"

"नववा व्हायचा होता."

आग्नेलने आणखी एक तुकडा घेतला. इंदियाल फार चांगलं झालं होतं आणि त्याचाच त्याला त्रास होत होता. "साहेबांकडे तू गेली होतीस," तो शेवटी म्हणाला.

"हो. तुम्ही सांगितलं तेवढंच सांगितलं. फादरांना विचारून."

"आनंदीवहिनीला ठाऊक आहे?"

"नाही. आणि सोळा होईपर्यंत कळणारही नाही," क्लेमेंटीन म्हणाली. "व्रत तिचं आहे, तिच्या नवऱ्याच्या जिभेचं नाही."

आग्नेलने सुटकेचा श्वास सोडला. भांडण नाही, रडारड नाही, पुढ्यात कोंबडी, बाहेर रविवार. काही महिन्यांत विजेचं ठीक होईल, शुक्रवारचं पुडकी बांधणं सुटेल, साहेबांना एकदा मर्जी बघून विचारता येईल. त्याने आणखी रस्सा मागितला. "झाले ना पण तुझे नऊ," तो म्हणाला. "आता शुक्रवारी मी घरी असलो काय नि नसलो काय, तुझं काही अडत नाही. सांगू साहेबांना?"

क्लेमेंटीनने रस्सा वाढला, डाव टोपात ठेवला आणि झाकण लावलं.

"माझे झाले," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही सात शुक्रवारी कोंबडी खाल्लीत. त्याच्या प्रायश्चित्तासाठी ऑगस्टपासून मी नवे नऊ धरलेत. तुमच्या नावाने."